मंडईतला सराव

दुधरामभाऊ कापगत्यांच्या गळ्यात दोन वस्तू कायम असतात, एक दुपट्टा आणि एक शिटी. शेतात गेले तरी शिटी सुटत नाही आणि मैदानावर आले तरी दुपट्टा सुटत नाही. एकदा रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, बायका बांधीत, भाताच्या खाचरात, गप्पा मारत उभ्या राहिल्या, तर भाऊंनी सवयीने शिटी फुंकली. बायकांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चिखल फासून घरी पाठवलं. ती गोष्ट पिंपळटोल्यात दर रोवणीला नव्याने सांगितली जाते.

पिंपळटोला हे इटियाडोह धरणाच्या नहराकाठचं गाव, अर्जुनी मोरगावहून सायकलने सहज जाता येईल एवढं जवळ. भाऊंची तिथे धानाची शेती आहे. पण माणूस ओळखला जातो तो अर्जुनीतल्या कॉलेजच्या फुटबॉल टीममुळे. तरुणपणी ते त्याच टीमचे गोलकीपर होते. पुढे खेळाचे हेमेंद्र रहांगडाले सर त्यांना म्हणाले, "एका हंगामापुरते या मदतीला." तो हंगाम बावीस वर्षं चालला. एवढ्या काळात प्राचार्य बदलले, इमारतीचा रंग बदलला, गावात चहापेक्षा मोबाईलची दुकानं जास्त झाली. मैदानावरचे दोन आवाज मात्र तेच राहिले. सरांचा आवाज हळू, भाऊंचा नहराच्या पलीकडे जाणारा.

"बाजूले पाह्य!" ही भाऊंची आरोळी. चेंडू पायात आला की पोरगं मान खाली घालून एकटंच पळत सुटतं. तेव्हा बाजूला आपला गडी मोकळा उभा आहे, त्याला बघ, एवढाच त्या आरोळीचा अर्थ. आज खेळणाऱ्या काही पोरांच्या बापांनीही ती खाल्ली आहे. कोणी विचारलं तर भाऊ सांगतात, "पोरं त दर तीन वर्साले बदलतेच. बोंबलनारा तरी तोच पायजे. नाई त पोरायनं ऐकावं कोनाचं?"

गेल्या उन्हाळ्यात हेमेंद्र सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी चेतना वानखडे मॅडम आल्या. अमरावतीकडच्या, तिशीतल्या, चालणं भराभर आणि बोलणं मोजकं. जबाबदारी सोपवण्याच्या दिवशी सर त्यांना मैदानाच्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. मध्येच दोघांनी वळून भाऊंकडे पाहिलं. भाऊ जाळीत चेंडू भरत होते. त्यांना एक शब्द ऐकू आला नाही, आणि न ऐकलेला शब्द माणसाला जास्त छळतो.

त्या दिवसापासून भाऊंच्या मनात एकच धास्ती बसली. नवीन मॅडम आपल्याला ठेवतील की काढतील? त्यांचा कॉलेजशी ना कागद ना करार. हेमेंद्र सरांचा शब्द एवढाच त्यांचा आधार, आणि सर तर गोंदियाला घरी जाऊन बसले. त्यात बस स्टँडवर चहा पिताना खुशालने काडी टाकली, "मॅडम अमरावतीहून आपला मानूस आनून राहिली म्हनते." खुशाल टीमच्या गोलकीपरांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात जगाच्या बातम्या पुरवतो. त्यांतल्या निम्म्या खोट्या असतात हे भाऊंना माहीत होतं. ही कोणत्या निम्म्यातली, ते कळत नव्हतं.

मॅडमनी मैदानावर प्लास्टिकचे लाल शंकू मांडले, धावण्याची पद्धत बदलली, मधल्या फळीत एक गडी वाढवला. पोरांना ते आवडलं. खरं सांगायचं तर भाऊंनाही आवडलं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

मग दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी जाहीर केलं, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात आठवडाभर शिबिर. जो गैरहजर राहील, तो टीममधून बाहेर."

पोरांचे चेहरे उतरले. आमच्याकडे भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. जिथली मंडई असेल तिथे लेकी-जावई, भाचे, साडू सगळे जमतात. दिवसा दुकानं, गोवारी गुराख्यांचे नाच, उकडलेले शिंगाडे, आणि रात्रभर नाटक. मामाच्या गावच्या मंडईला भाचा गेला नाही तर ते भांडण पुढच्या मंडईपर्यंत पुरतं. म्हणून हेमेंद्र सरांनी कधी त्या दिवसांत शिबिर घेतलंच नाही. ज्या गावची मंडई, तिथे टीम जायची. नुकत्याच कापलेल्या एखाद्या बांधीत गावच्या पोरांशी सामना व्हायचा आणि मग कुणाच्या तरी घरी पंगत. पोरांची पाहुणाई पण होई आणि सराव पण. बांधी लहान, त्यात धानाचे खुंट, चेंडू लांब घरंगळतच नाही. मग झक मारून जवळच्या गड्याच्या पायात द्यावा लागतो.

हे सगळं मॅडमना सांगायला दोन मिनिटं पुरली असती. टीमचा कप्तान गुड्डू भाऊंजवळ आला. टीमची सगळी पोरं भाऊंना मामाजीच म्हणतात. "मामाजी, मंडईचं कसं?"

"मॅडमले विचार," भाऊ म्हणाले आणि शंकू गोळा करायला लागले.

मॅडमना विचारायची कोणाची छाती नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. ठेच लागल्याशिवाय माणूस शहाणा होत नाही. लागू दे एकदा ठेच, मग कळेल दुधराम कापगते कायले लागते ते. असा त्यांचा हिशोब.

घरी आल्यावर भाऊंनी ही बहादुरी बायकोला, कुंदाबाईंना सांगितली. कुंदाबाई मंडईसाठी बरबटी, म्हणजे चवळी, निवडत बसल्या होत्या. पिंपळटोल्याची मंडई पहिल्याच दिवशी असते आणि त्या दिवशी टीमची पंगत भाऊंच्या अंगणात, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. पोरं त्यांना मामी म्हणतात. कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा बाप आजारी आहे, कोण फुटबॉलपायी घरच्या शिव्या खातो, हे मामीला मैदानाआधी कळतं.

"आन तुमी सांगतलं नाई तिले?" त्यांचा हात थांबला. "काऊन?"

"समजन आपोआप."

"तिले काय समजन? पोरं मंडईले जातीन आन टीमच्या बाहेर होतीन. त्या गुड्डूचं शेवटचं वर्स होय. तुमचा राग तिच्यावर, आन सजा देऊन राहिले पोरायले!"

भाऊंनी या बाजूने विचारच केला नव्हता. दुसऱ्याला 'बाजूले पाह्य' म्हणून घसा कोरडा करणारा माणूस स्वतः मान खाली घालून पळत सुटला होता. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेले, तर सुट्टी लागलेली आणि मॅडम अमरावतीला गेलेल्या. फोन होता. भाऊंनी नंबर काढला आणि खिशात परत ठेवला. दिवाळीभर हा खेळ चालला. चूक कबूल करायला फोनपेक्षा जड वस्तू नाही. कुंदाबाईंनी मात्र पुन्हा तो विषय काढला नाही, आणि बायकोने विषय सोडला म्हणजे काय, हे भाऊंनी ओळखायला हवं होतं.

शिबिराच्या दिवशी उजाडताच ते सायकलवर अर्जुनीला पोचले. मैदान रिकामं. एक पोरगं नाही, खुशाल नाही, मॅडमही नाहीत. चुन्याच्या रेषांवर दव पडलं होतं आणि गोलच्या खांबाला एक शेळी अंग घासत होती.

भाऊंना वाटलं होतं, मजा येईल. पण ते रिकामं मैदान बघवेना. गोलखांबाशी ते किती वेळ बसून राहिले कोण जाणे. टीम मोडली, आणि आपल्या हाताने मोडली. मॅडम आपल्याआधीच येऊन, रिकामं मैदान पाहून परत गेल्या असतील. आपल्याला काढलं तर काढलं, पण पोरांना नको. शेवटी त्यांनी फोन लावलाच. तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. डोळ्यांच्या कडा दुपट्ट्याने पुसून भाऊ सायकलवर बसले.

पिंपळटोल्यात मंडईची दुकानं लागत होती. घराच्या फाटकाशी आले तर दारात बुटांचा ढीग. फुटबॉलचे बूट. अंगणात अख्खी टीम फतकल मारून बसलेली, मध्ये खुशाल हातवारे करून काहीतरी थाप मारत होता, आणि चुलीपाशी कुंदाबाईंच्या शेजारी चेतना मॅडम बरबटीचे वडे थापत होत्या. वडे काही गोल नव्हते.

भाऊ सायकल धरून तसेच उभे राहिले.

"या भाऊ," मॅडम म्हणाल्या. "तुमचा फोन वाजत होता, पण हात पिठाचे होते. काय म्हणत होतात?"

"सांगाचं होतं," भाऊंचा आवाज कधी नव्हे तो हळू निघाला. "मंडईचं."

"आत्ता?"

पोरं खो-खो हसली. गुड्डूला तर ठसका लागला. मग सगळं कळलं. कुंदाबाईंनी गुड्डूकडून नंबर घेऊन मॅडमना फोन केला होता, मंडई म्हणजे काय ते समजावलं होतं, आणि कोणत्या दिवशी कोणत्या गावात कोणाच्या बांधीत खेळायचं तेही ठरवून टाकलं होतं. मॅडम भाऊबीज उरकून रातोरात निघाल्या होत्या.

"मले काऊन नाई सांगतलं व?" भाऊंनी विचारलं.

"तुमी कुठं सांगतलं होतं तिले?" कुंदाबाईंनी कढईतून नजर न काढता म्हटलं.

भाऊ मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. "चुकलं माझं. मले वाटलं, तुमी मले काढता."

"काढायचं कशाला?" मॅडमना खरंच आश्चर्य वाटलं. "हेमेंद्र सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणाले, सगळं बदला, फक्त टीमची दोन माणसं बदलू नका. मी समजले, तुम्ही आणि खुशालभाऊ. कुंदाताईंचा फोन आला तेव्हा मी सरांना विचारलं, हे मंडईचं मला आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, 'सांगितलं होतं की. दोन माणसं. दुधराम आणि कुंदाबाई. बाकीचं ती दोघं सांगतातच.'"

खुशालचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. कुंदाबाईंनी पदर नाकाला लावला आणि धुराला नावं ठेवली. भाऊंना आनंद झाला, आणि आनंदाइतकीच लाजही वाटली. बावीस वर्षं ज्या टीमला ते आपली आणि सरांची म्हणत आले, तिच्यात तिसरं माणूस त्यांच्याच चुलीपाशी बसलं होतं, आणि त्यांनी एकदा बाजूला पाहिलं नव्हतं. कुंदाबाईंनी एवढ्या वर्षांत एकही सामना बघितला नव्हता. सामना चालू असे तेव्हा त्या पंगतीचं रांधत असत.

"उठ," भाऊ त्यांना म्हणाले.

"वडे कोन तळन?"

"खुशाल तळन. त्याले आगीत तेल ओतता येते."

घरामागच्या कापलेल्या बांधीत सामना सुरू झाला. कडेच्या बांधावर, धुऱ्यावर, दोन खुर्च्या ठेवल्या, एकीवर मॅडम, एकीवर कुंदाबाई. गावची पोरं अंगापिंडाने दणकट, नियमांत कच्ची. थोड्या वेळाने चेंडू गुड्डूच्या पायात आला. आज मामाजींचं गाव बघत होतं, म्हणून गडी मान खाली घालून खुंटांतून एकटाच सुटला. भाऊंनी छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

"अरे गुड्डू, बाजूले पाह्य!"

आवाज भाऊंचा नव्हता. तो मागून, खुर्चीवरून आला होता. गुड्डू दचकला, बाजूला पाहिलं, मोकळ्या गड्याला चेंडू दिला आणि गोल झाला. मॅडम टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या.

भाऊ वळले. "तुले कसं मालूम व हे?"

"झोपीत कोन बोंबलते मंग? बावीस वर्सं झाले ऐकून राहिली मी."

भाऊ हसले. मग दुपट्ट्याखालून शिटी काढून त्यांनी ती कुंदाबाईंच्या गळ्यात घातली आणि खुशालने वडे जाळले की काय ते बघायला घराकडे निघाले.