सईचा पंप घेऊन खर्ड्याला

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी सई नगरच्या स्टँडवरून जामखेडच्या एसटीत बसलो. सईला टाइप वन मधुमेह आहे, आणि गेल्या दिवाळीपासून तिच्या कमरेच्या पट्ट्यात इन्शुलिनचा पंप असतो. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, त्यातून निघालेली बारीक नळी आणि पोटावर चिकटवलेली मऊ सुई. ती दर तीन दिवसांनी बदलायची. पंप आल्यापासून आम्ही नगरजवळच्या आमच्या भिंगारबाहेर मुक्कामाला गेलो नव्हतो. रोहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, शाळेत परीक्षेचं काम होतं, म्हणून या वेळी मी एकटाच निघालो. मी वर्कशॉपमध्ये फिटर आहे. यंत्राची भीती मला कधीच वाटली नाही आणि त्या सकाळीही वाटत नव्हती.

कडा-आष्टी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी दिसू लागली. कणसं हिरवी, भरलेली. शेजारच्या आजींनी सईला पेढा देऊ केला. सईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पंपाकडे बोट दाखवून त्यांना सांगितलं, "थांबा, आधी याला सांगावं लागतं." मी पेढ्यातल्या साखरेचा आकडा पंपात घातला, पंपाने बारीक आवाज दिला आणि पेढा तोंडात गेला. आजी जामखेडपर्यंत त्या यंत्राविषयीच विचारत राहिल्या.

जामखेडहून जीपने खर्ड्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. माझी थोरली बहीण तिथं दिलेली. ताईने आमची इन्शुलिनची आणि सुयांची पिशवी लगेच फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी दाजी आम्हाला किल्ल्यात घेऊन गेले. भुईकोट किल्ला, चढ नाही, पण तटाची रुंदी पाहून सई थक्क झाली. तिने तटावरून दोन फेऱ्या मारल्या. खाली आल्यावर साखर तपासली तर उतरलेली, म्हणून चार घोट लिंबू सरबत दिलं. ताईच्या हातची बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी खाऊन ती आडवी झाली ती सकाळपर्यंत.

रविवारी हुरडा होता. (ज्वारीची कोवळी कणसं आगटीत, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायची आणि गरम असतानाच दाणे हातावर चोळून खायचे.) दाजींचं शेत गावापासून तीन-चार किलोमीटर. मी वाटीने मोजायचं ठरवलं होतं. एक वाटी हुरडा म्हणजे एक लहान भाकरी. सई खायच्या आधी बांधावरच्या बोरीखाली बोरं वेचत होती. हाक मारल्यावर आली, मी डोस दिला, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिने वाटी संपवली.

दीड-दोन तासांनी ती चिडचिड करू लागली. पाणी मागितलं, पुन्हा मागितलं. खिशातल्या मीटरवर तपासलं तर साखर साडेतीनशेच्या वर. मला वाटलं, हुरड्याचा अंदाज चुकला. पंपातून आणखी डोस दिला. अर्ध्या तासाने पाहिलं तर साखर आणखी वर. तेव्हा मी तिला जवळ घेतलं आणि फ्रॉकला दवाखान्यासारखा वास आला. तो इन्शुलिनचा वास होता. फ्रॉक वर करून पाहिलं तर चिकटपट्टी अर्धी सुटलेली आणि सुई बाहेर. बोरीच्या काट्यात नळी ओढली गेली असणार. नळी तुंबली तर पंप ओरडतो, सुई निघाली तर त्याला कळत नाही. दोन्ही डोस कापडात गेले होते. आणि नवी सुई, इन्शुलिन टोचायचं पेन, सगळं ताईच्या फ्रिजमध्ये.

पिशवी कायम अंगावर, हा आमच्या घरचा पहिला नियम. तो मी मोडला होता. दाजी पिशवी आणायला लगेच मोटारसायकलवरून निघाले. मी सईला पाणी पाजत राहिलो. तिच्याशी मी शांतपणे बोलत होतो.

शेजारच्या शेतात ज्वारीची राखण करणारी सिंधूबाई तेवढ्यात आली. तिने सईचं पोट पाहिलं, मला म्हणाली, "भाऊ, साकर हाय का पोरीला?" मी हो म्हणालो. ती आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली, सावलीत बसवलं आणि आतून बारा वर्षांच्या अश्विनीला बोलावलं. अश्विनीलाही तोच आजार. रांजणाच्या बाजूला ओल्या वाळूत एक मडकं पुरलेलं होतं, त्यात गार राहावी म्हणून ठेवलेली तिची इन्शुलिनची बाटली.

अश्विनीचं इन्शुलिन वेगळ्या प्रकारचं होतं, म्हणून आम्ही दाजींची वाट पाहिली. ते पिशवी घेऊन तिथंच आले. मी आधी पेनने डोस दिला, मग किटोनची, म्हणजे इन्शुलिन कमी पडलं की लघवीत उतरणाऱ्या आम्लाची, पट्टी पाहिली. थोडे होते, घाबरण्यासारखं नव्हतं. नवी सुई बसवताना सई दर वेळी रडते. या वेळी अश्विनीने तिचा हात धरला आणि स्वतःच्या दंडावरच्या टोचल्याच्या खुणा दाखवल्या. म्हणाली, "मी रोज चार येळा टोचते. तुला तीन दिसांत एकदाच." सईने खुणा मोजल्या. सुई कधी बसली ते तिला कळलंही नाही.

साखर उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. सिंधूबाईने सांगितलं की दर वर्षी नवराबायको ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी कोपीवर (उसाच्या पाचटाच्या झोपडीत) इन्शुलिन उन्हाने खराब झालं आणि अश्विनी बेशुद्ध पडली. यंदा बाई पोरीसाठी मागे राहिली. तिच्या जागी पुतण्याला घेऊन नवरा गेला. त्यावरून घरचे अजून तिला बोल लावतात. मग तिने मला विचारलं, "ह्ये यंत्र असलं तर तिला कोपीवर न्हेता येईल का?"

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "नाही. याच्यातलं औषधही उन्हाने खराब होतं. आणि तुम्ही बघितलंच, सुई निघाली तर हे बोलत नाही. माणूस जवळ लागतोच."

तिने अश्विनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग मी ऱ्हायले त्ये बरोबरच केलं."

"अगदी बरोबर केलं," मी म्हणालो.

तिने पदराने तोंड पुसलं. ते तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सईची साखर जागेवर आली. सोमवारी सकाळी निघालो. पिशवी माझ्या खांद्यावर होती. घरी रोहिणीला मी आधी चूक सांगितली, मग बाकीचं. ती रागावली, मग तिने हुरड्याचा आकडा वहीत लिहून घेतला. आम्ही यापुढेही फिरणार, असं त्याच रात्री जेवताना ठरलं. मी यंत्राच्या भरवशावर गेलो होतो. परतताना कळलं होतं की सगळ्यांत जास्त सांभाळलेलं इन्शुलिन मी एका मडक्यात पाहिलं होतं.