हेगेलेआजोबांची घरगुती काडतुसं

रायफल फुटली म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. खून, पाठलाग, गेलाबाजार एखादं रानडुक्कर तरी. तसलं काही नाही हो. फुटलेली रायफल प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या टेबलावर पडली होती आणि मी शेजारी बसून चीज-ब्रोट खात फॉर्म भरत होतो.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायचा होता, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नेकारसुल्मजवळच्या एका गुटआख्टरकडे मी मटेरियल इंजिनियर होतो. गुटआख्टर म्हणजे मोडलेली वस्तू का मोडली ते सांगणारा तज्ज्ञ. रोज गिअर आणि बोल्ट यायचे. रायफल पहिल्यांदाच.

केस अशी. गावातल्या नेमबाजी क्लबात क्लाउस नावाच्या मेंबरच्या हातात ती फुटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. काडतूस फॅक्टरीचं नव्हतं. हेगेले नावाच्या रिटायर्ड टूलमेकरनं ते घरी भरलं होतं. वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिच्यात पावडर नि नवी गोळी बसवायची, याला म्हणतात हॅन्डलोडिंग. त्याला सरकारी परवाना लागतो आणि तो फक्त स्वतःच्या वापरापुरता. विकायला लागलात की तुम्ही कारखानदार. मग वेगळं लायसन्स, सरकारी टेस्टिंग, आणि काही फुटलं तर जबाबदारी तुमची.

हेगेलेंच्या हाफ्टफ्लिष्ट इन्शुरन्सनं, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देतो त्या विम्यानं, आम्हाला एकच प्रश्न विचारला होता: नळी खराब की काडतूस?

उरलेली काडतुसं आणायला मी हेगेलेंच्या घरी गेलो. म्हातारा धास्तावलेला. वातावरण हलकं करावं म्हणून मी आमच्या बॉसची, डॉक्टर वोल्फची, नक्कल केली. चष्मा नाकावर, "आल्झो, मिलिमीटर खोटं बोलत नाही!" म्हातारा खो खो हसला आणि मोकळा झाला. इकडच्या श्वेबिश बोलीतलं 'गेल?', म्हणजे 'हो ना?', लावत बोलू लागला.

"क्लाउस एकटाच का? सगळा क्लब माझीच वापरतो, गेल? जानेवारीत ऑर्डर सांगायची, क्लबातल्या डब्यात पैसे टाकायचे. फॅक्टरीची घेतो कोण!"

आपल्याकडे लोणचं आधी शेजारणीला वाटीभर जातं आणि मग दारावर 'ऑर्डर घेतल्या जातील' अशी पाटी लागते, तसंच. फक्त लोणच्यानं बोटं जात नाहीत.

नळीचं पोलाद उत्तम निघालं. उरलेल्या काडतुसांपैकी दोनांत पावडर जास्त होती. रिपोर्टमध्ये मी तेवढंच लिहिलं. डब्याचं लिहिलं नाही. कुणी विचारलं होतं?

रिपोर्ट समजून घ्यायला इन्शुरन्सच्या फ्राऊ लिंडनर आल्या. त्या वोल्फसाहेबांच्या केबिनमध्ये आहेत असं समजून मी किचनमध्ये लॅबवाल्या टोर्स्टेनला हेगेलेआजोबा करून दाखवत होतो. पूर्ण श्वेबिश बोलीत, मान हलवत. जानेवारी, ऑर्डर, डबा, सगळं. टोर्स्टेन हसता हसता एकदम गप्प झाला. मागे कप घेऊन फ्राऊ लिंडनर.

"फारच छान," त्या म्हणाल्या. "ते ऑर्डरचं परत एकदा सांगता?"

"ती... ती नुसती गंमत होती."

"डबा गमतीतलाच का?"

त्यांनी वही काढली.

हेगेलेंनी त्यांना आधी सांगितलं होतं की काडतुसं मित्राला फुकट दिली होती. आता क्लबात चौकशी झाली आणि डबा सापडला. इन्शुरन्सनं हात वर केले: बेकायदा धंदा आम्ही कव्हर करत नाही. परवाना गेला. क्लाउसच्या बोटांची भरपाई हेगेलेंच्या अंगावर आली, आणि त्यांनी घर विकायला काढलं. हॅन्डलोडिंगचा धडा एवढाच: स्वतः भरा, स्वतः उडवा. मित्राला केक द्या.

वोल्फसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. मला वाटलं, त्यांची नक्कल केल्याचं कळलं.

"हेर जाधव, डब्याचं कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पण आपल्याला प्रश्न फक्त—"

"महत्त्वाचं वाटलं तर मला सांगायचं. मी हेगेलेंना पत्र लिहिलं असतं, ते वकिलाला भेटले असते, त्यांनी स्वतः कबुली दिली असती. आपल्या कामाचं नाही असं वाटलं तर तोंड बंद ठेवायचं. किचन ही तिसरी जागा कुठून काढलीत?"

"पण साहेब, मी खोटं काहीच बोललो नाही."

"गेनाऊ! एक शब्द खोटा नव्हता. कबुलीजबाब त्या माणसाचा होता, हेर जाधव, आणि तो दिलात तुम्ही. तेही टोर्स्टेनला हसवायला."