उंबऱ्यातली टरफलं

सावेडीतल्या ज्या बिल्डिंगचा जिना मी झाडते, तिथं वरच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या. शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचं दार फोडलं तेव्हा पावसाळा सरत आला होता. उन्हाळ्यात तापलेल्या स्लॅबखाली, पंख्याच्या वाऱ्यात, त्या गादीवरच सुकून गेल्या होत्या. वास मधे आला होता, पण गच्चीवर उंदीर मेला असेल म्हणून मी फिनेल टाकलं होतं.

तपासायला डॉक्टर येणार, असं पोलीस म्हणाले. माणसं येणार म्हणून मी सवयीनं उंबरा झाडून घेतला. तांदळाएवढी तपकिरी, पोकळ टरफलं होती. घंटागाडीत टाकून आले.

हवालदार म्हणाला, “वा मावशी, पुरावाच झाडला. आता रांगोळीपण काढा.”

मला मान वर करवेना.

डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. माझी केरसुणी मागून घेतली आणि तिच्यात अडकलेली दोन टरफलं चिमट्यानं काढली. “माशीचे कोष आहेत हे. रिकामे, म्हणजे माशी उडून गेली. यावरून दिवस कळतात. पहिल्यांदा कधी दिसले तुम्हाला?”

तोच दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्या दिवशी मी बाईंची बेल एकदा वाजवली होती. दार उघडलं नाही. पुण्याला मुलाकडे गेल्या असतील म्हटलं. पुन्हा वाजवायचा संकोच वाटला. आत त्या जित्या असतील, बेल ऐकून उठता येत नसेल, हेच सारखं मनात.

“आखितीच्या आदल्या दिवशी, ऐन उन्हाळ्यात,” मी म्हणाले. “हीच पोकळ टरफलं वाऱ्यानं दाराखालून बाहेर येत हुती. तांदळाला कीड लागलीय, सांगावं म्हणून बेल वाजवली.”

मॅडमनी लिहायचं थांबवलं. “मावशी, कोष रिकामा व्हायला तसल्या उन्हातसुद्धा दहा-बारा दिवस जातात. तुमची बेल ऐकायला आत कुणी नव्हतं.”

मला हायसं वाटलं. घरी पोचेपर्यंत.

मग त्याआधीचे दिवस आठवायला लागले. रोज दाराशी केरसुणी वाजली की बाई आतून म्हणायच्या, “आलीस का गं?” मी नुसतं “व्हय” म्हणायची. कोणत्या सकाळी तो आवाज आला नाही, ते काही केल्या आठवत नाही. त्या सकाळीही मी उंबरा झाडून खालच्या मजल्यावर गेले असणार.