पहिलीची अडखळवही

मुलं त्यांना पाठीमागे 'थांबा बाई' म्हणायची, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. वाचा-उपचार विभागात पदव्युत्तर वर्गाला शिकवण्यात त्यांनी एकतीस वर्षं घालवली. त्यातली निम्मी तरी उपचाराच्या खोलीला लागून असलेल्या एका अंधाऱ्या बोळकांडीत गेली असतील. मधे एकतर्फी काच. पलीकडे विद्यार्थी आणि पेशंट, अलीकडे स्टुलावर बाई, कानाला हेडफोन, त्याच्या डाव्या बाजूचा स्पंज केव्हाच गळून पडलेला. विद्यार्थ्याने प्रश्न विचारून वर उत्तरही स्वतःच पुरवलं, की बाई काचेवर टिचकी मारत. अर्थ एकच, थांबा. मेंदूच्या झटक्यानंतर शब्द हरवलेला माणूस नुसतं 'चमचा' म्हणायला वीस सेकंद घेतो. ते वीस सेकंद गप्प बसणं हेच आपल्या कामातलं सगळ्यात अवघड काम, बाकी सगळं पुस्तकात मिळतं, असं त्या पहिल्याच तासाला बजावत. मुलं माना डोलवत, आणि दुसऱ्या दिवशी टिचक्या मारून मारून बाईंचं नख दुखायला लागे.

निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली, तरी सकाळचे साडेनऊ वाजले की बाईंना चुकल्याचुकल्यासारखं होतं. ती बोळकांडी आठवते, कॉरिडॉरमधला फिनेलचा वास आठवतो, लहान पेशंटांनी भिंतीवर ओढलेल्या रेघोट्या आठवतात. रंगारी दर दोन वर्षांनी त्या पुसून जायचा आणि पोरं महिन्याभरात पुन्हा हिशोब चुकता करायची. पण सगळ्यात जास्त आठवते ती अडखळवही.

अडखळवही म्हणजे साधी शंभर पानी वही. पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने पाच अनोळखी ठिकाणी जायचं, तिथे मुद्दाम अडखळत बोलायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि काय झालं ते वहीत लिहायचं. वहीवर बाईंची सही झाल्याशिवाय अडखळत बोलणाऱ्या एकाही पेशंटसमोर बसायची परवानगी नाही. ही पद्धत बाईंची नव्हे, त्यांच्या सरांपासून चालत आलेली. पण कडक केली ती बाईंनी. खोटी नोंद केली तर वर्ष गेलं, हा नियम त्यांनीच विभागाच्या गळी उतरवला होता.

एकेक वही म्हणजे एकेक नाटक असायचं. एका मिशाळ विद्यार्थ्याने न्हाव्याकडे जाऊन 'मि... मि... मिशी न... न...' सुरू केलं. न्हावी मोठा समजूतदार. 'कळलं, कळलं,' म्हणाला आणि वस्तरा फिरवला. गड्याच्या तोंडून पुरता 'नको' निघाला, तेव्हा उरलेली अर्धी मिशी ठेवण्यात काही अर्थ राहिला नव्हता. बाईंनी त्याला त्या वर्षी सगळ्यांत जास्त गुण दिले. पुढे तो मोठ्या इस्पितळात विभागप्रमुख झाला, पण मिशी काही परत ठेवली नाही.

बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. शाळेपासून पहिली, कॉलेजात पहिली, प्रवेशपरीक्षेतही पहिली, म्हणून सगळे तिला पहिलीच म्हणायचे. तिची वही एका बुधवारी बाईंच्या टेबलावर आली. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेले. औषधाचं दुकान, पोस्ट, वाचनालय, शिंपी, बसचं तिकीटघर. पाच ठिकाणी ती अडखळली होती आणि पाचही ठिकाणी लोक तिला हसले होते.

बाईंनी वही मिटली आणि तिला बोलावलं.

"हे तू केलेलं नाहीस."

"केलंय, बाई."

"बस. अठ्ठावीस वर्षं वाचतेय मी या वह्या. लोक हसतात, नाही असं नाही, पण पाचांत एखादा. बाकीचे घाई करतात. आपलं वाक्य पुरं करून टाकतात. आपण बहिरे असल्यासारखे मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलतात. आणि कित्येक तर इतके गोड होतात की नको वाटतं. पाचही ठिकाणी फक्त घरी बसून लिहिणाऱ्यालाच हसतात."

पहिलीचे डोळे भरून आले. "तीन वेळा गेले, बाई. औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत. पाय उचलेचना."

"का?"

"कुणी ओळखीचं असलं तर? त्यांना वाटेल मी खरंच तशी आहे."

बाई एरवी फटकन बोलल्या असत्या. तशी म्हणजे कशी गं, असं विचारून पोरीला जागच्या जागी सोलून काढलं असतं. पण त्या दिवशी मूग गिळून बसल्या. खोट्या नोंदी करणाऱ्यांची नावं शुक्रवारी विभागप्रमुखांकडे द्यायची होती. नाव दिलं की पोरीचं वर्ष बुडणार, आणि कागदावर कारणही लागणार, जन्मभर पुसलं न जाणारं. "शुक्रवारी बघू," एवढंच म्हणून त्यांनी तिला पाठवलं.

पोर गेली आणि बाईंना आपली स्वतःची वही आठवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी गत होती. बाईंनी विद्यार्थिनी असताना पाचांतल्या एकाही ठिकाणी पाय ठेवला नव्हता.

त्यांना गरजच पडली नव्हती. घरात दादा होता. त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा, नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण बोलताना अडखळायचा. म्हणून तर त्याने असं ऑफिस गाठलं, जिथे दिवसभर पेन्सिल बोलते आणि माणसाला तोंड उघडावं लागत नाही. बाई लहानपणापासून चुरूचुरू बोलणाऱ्या. दुकानात दादाच्या वतीने त्याच बोलायच्या, पाहुण्यांना त्याच उत्तरं द्यायच्या. आई कौतुकाने म्हणायची, ही आमच्या दादाचं तोंड आहे. सरांनी वही लिहायला सांगितली, तेव्हा बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि दादाच्या बाबतीत जे जे घडलेलं पाहिलं होतं, जे तो आईला सांगताना कानावर पडलं होतं, ते सगळं 'मी' लावून लिहून काढलं. पैकीच्या पैकी गुण. सरांनी वर्गात वाचूनही दाखवली. त्याच वहीच्या जोरावर बाईंना पुढे विभागात नोकरी लागली, असं म्हटलं तरी चालेल.

आणि वही कॉलेजात पोचवली होती ती दादानेच. द्यायच्या दिवशी बाई ती घरी विसरल्या होत्या. दादाने अर्ध्या दिवसाची रजा काढली, फाटकाशी येऊन वही हातात दिली आणि काही न बोलता परत गेला. तो तसाही कमीच बोलायचा.

गुरुवारी संध्याकाळी बाई दादाकडे गेल्या. तो केव्हाच निवृत्त झाला होता. खिडकीशी बसून पुतणीच्या नव्या घराचा आराखडा काढत होता. बाईंनी चप्पलही नीट काढली नाही. पहिलीची हकीकत सांगितली, आणि तिच्या पाठोपाठ स्वतःचीही. "दादा, ती वही माझी नव्हती रे. तुझी होती. तुला न विचारता घेतली मी."

दादाने पेन्सिल खाली ठेवली. "म... म... म..."

'माहीत आहे' हे शब्द बाईंच्या जिभेवर तयार होते. पन्नास वर्षांची सवय. त्यांनी जीभ दातांखाली धरली. खिडकीखालून एक सायकल गेली, कुणीतरी कुणाला हाक मारली, आणि दादा अजून 'म' वरच होता. काचेपलीकडच्या पोरांना आपण काय शिक्षा करत होतो, ते बाईंना तेव्हा कळलं.

"माहीत आहे," दादा म्हणाला. "ब... बसमध्ये वाचली मी."

"सगळी?"

"सगळी. च... चपलांच्या दुकानाचं तू चुकीचं लिहिलंस. तो माणूस हसला नव्हता. त्याने मला ख... खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाला, बाळा, घरचं कुणी ब... बरोबर नाही का? मी बावीस वर्षांचा होतो. हसला असता तर प... परवडलं असतं."

त्या दिवशी दुकानात बाई नव्हत्या. माहीत नव्हतं तिथे त्यांनी हसू घातलं होतं, अगदी पहिलीने घातलं तसं.

"तू रागावला नाहीस?"

"रागावलो होतो की. द... दोन वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

दादा हसायला लागला. "तू बो... बोलू देशील तर ना!"

बाईंनाही हसू आलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. चांगलं हुंदके देऊन रडल्या. दादाने आराखडा भिजू नये म्हणून बाजूला सरकवला, तेवढं मात्र तत्परतेने केलं. बाईंनी नाक पुसून विचारलं, "आता तूच सांग. त्या पोरीचं काय करू? नाव देऊ की नको?"

त्याने पुष्कळ वेळ घेतला. या वेळी मात्र तो अडखळत नव्हता, विचार करत होता, आणि इतक्या वर्षांत या दोन्हींतला फरक बाईंनी कधी पाहिलाच नव्हता. "नाव नको देऊस. सहीही न... नको करूस. तिला माझ्याकडे पाठव. आम्ही दोघं जातो. प... पाचही ठिकाणी."

शुक्रवारी बाईंनी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं, स्वतःच्या वहीसकट, आणि एक आठवडा मागितला. विभागप्रमुख त्यांचेच एक जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "दुसरी वही खरी उतरली तर आधीची मी वाचलीच नाही. पण बाई, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला थांबवलंत, आज आम्ही तुमच्यासाठी थांबतो."

तो आठवडा बाईंना खायला उठला. दादा कुणासाठी म्हणून दुकानाची पायरी चढलेला माणूस नव्हे, आणि पहिली पायरीवरून तीनदा परत आलेली. दोघं मिळून काय दिवे लावणार, देव जाणे.

पुढच्या गुरुवारी पहिली नवी वही घेऊन आली. अक्षर बिघडलेलं, समास गायब, दोन ठिकाणी पान फाटलेलं. बाईंनी उभ्यानेच वाचायला घेतलं. औषधाच्या दुकानात तिने 'खोकल्याचं' हा शब्द उच्चारायला अकरा सेकंद घेतले, आणि मागचा माणूस पुढे घुसून औषध घेऊन गेला. पोस्टात कारकुनाने दादांना सोडून तिलाच विचारलं, यांना काय हवंय, आणि ती म्हणाली, त... त्यांनाच विचारा. वाचनालयातली बाई काही न करता नुसती वाट बघत राहिली, तेव्हा आपल्याला रडू आलं, असं लिहिलं होतं. पाचांत हसला फक्त एकजण, शिंपी, आणि मग तोच ओशाळला.

पाचव्यानंतर सहावी नोंद होती. ती काही कुणी मागितली नव्हती. बाई वाचता वाचता खुर्चीवर बसल्या. परत येताना बसथांब्यावर दादा तिला नकाशांच्या ऑफिसातली एक गंमत सांगत होते, आणि तिने दोनदा त्यांचं वाक्य पुरं करून टाकलं होतं. दोन्ही वेळा चुकीचं.

"मग काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

"हसले, बाई. म्हणाले, तू अगदी माझ्या ब... बहिणीसारखी आहेस." पहिली जराशी घुटमळली. "हे कौतुक समजायचं का?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून त्यांनी वहीवर सही केली.