गुलाबी घोस

ऐंशी सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मी वाशीत एकटा राहिलो. इमारतीत सोळा बिऱ्हाडांची सोय होती, राहायला आलो होतो आम्ही तिघं. त्यातले दोघं नवरा-बायको होते. माझी बायको मुलीला घेऊन साताऱ्यालाच होती, शाळेत शिकवत होती. मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत रक्त-लघवी तपासायचो. बोटं कायम जांभळी. वाण्याला वाटायचं, हा माणूस दर आठवड्याला मतदान करून येतो.

तो रंग जंतूंसाठी असायचा. जंतूंना भिंत असते. काहींची जाड, काहींची पातळ. काचपट्टीवर पू पसरायचा, जांभळा रंग द्यायचा, वर आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं. जाड भिंत रंग धरून ठेवते, पातळ सोडून देते; तिला मग गुलाबी रंग देतात. औषध कुठलं द्यायचं ते डॉक्टर यावरून ठरवत. सगळी मेख स्पिरिटमध्ये. दहा-पंधरा सेकंद, बस. जास्त झालं की जाड भिंतीही हात टेकतात.

एक दिवस वाशी गावातली म्हातारी कोळीण आली. अंगठ्यात माशाचा काटा घुसून तळहातापर्यंत सूज चढली होती.

"हात गेला त मासली कोन साफ करंल रं? तू?"

सवयीप्रमाणे मी दोन काचपट्ट्या केल्या, एक न रंगवता बाजूला ठेवली. दुसरीवर स्पिरिट ओतलं आणि पोस्टमननं पत्र दिलं. बायको नोकरीत कायम झाली होती, या वर्षी येणं जमणार नव्हतं. 'तुम्ही तिथं रमलाच आहात,' असंही होतं. माझी पत्रं गमतीजमतीनं भरलेली असत, तिनं दुसरं काय समजावं? पत्र दोनदा वाचलं. मान वर केली तेव्हा काचपट्टीवरचं स्पिरिट वाळून गेलं होतं.

तरी मी पुढचा रंग दिला आणि भिंगाखाली पाहिलं. द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतू, सगळे गुलाबी. घोसवाल्यांची भिंत जाड, ते जांभळेच निघायचे; गुलाबी घोस मी जन्मात पाहिले नव्हते. तरी तसं लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी सूज मनगटाच्या वर होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "परवापर्यंत उतरली नाही तर मुंबईला पाठवायचं. अंगठा काढतील बहुतेक."

मी ठेवलेली काचपट्टी काढली. या वेळी सेकंद मोठ्यानं मोजले. घोस जांभळे निघाले, चांगले गडद. दोन्ही पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवल्या.

"झोप लागली होती?"

"पत्र वाचत होतो."

त्यांनी औषध बदललं. हे नवं औषध जंतूला भिंत बांधू देत नाही. तो वाढतो, भिंत पुरत नाही, पाणी आत घुसतं आणि तो फुटतो. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यायला मीच तिच्या घरी चालत जायचो. पहिल्याच दिवशी चूक माझी होती ते सांगून टाकलं. तिनं माझी बोटं पाहिली.

"तुजं बोट जांभलं, माजं लाल. दोगं पन कामाचं नाय."

मग म्हणाली, "बायकोला बोलाव."

"नाही येणार ती."

"बोलवलंस काय?"

"हो," म्हणालो. परत येताना सगळी पत्रं मनात चाळली. 'ये' असं एकातही नव्हतं.

आठवड्यात सूज उतरली. अंगठा राहिला, जरा वाकडा. मला तिकडे जायला कारण उरलं नाही. त्या संध्याकाळी घरी पत्र लिहायला बसलो, हा सगळा किस्सा रंगवून लिहिला. शेवटी त्या एका शब्दापुरती जागा मुद्दाम ठेवली होती.

तिथं मी वाण्याच्या मतदानाची गंमत लिहिली.