गार हवेकडे तोंड

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे, नाल्याच्या कडेला, धम्मपाल मिस्त्रींचं गॅरेज आहे. मिस्त्री बोलतात कमी. गाडी आली की बॉनेट उघडतात, इंजिन चालू ठेवतात आणि ज्या नळीतून ते हवा ओढतं तिच्या तोंडावर तळहात दाबतात. इंजिन हाताला ओढून धरतं, गुदमरतं, बंद पडतं. त्या ओढीवरून मिस्त्री गाडीचं दुखणं सांगतात. असं करताना माणसाच्या नाकावर हात ठेवल्यासारखं वाटतं, एवढंच ते एकदा म्हणाले होते.

कोपरचे बाबुराव गेल्या हिवाळ्यात दम्याने गेले. मागे राहिली त्यांची तीस वर्षांची जुनी पेट्रोल मोटार. वर्ष झाल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्याच मोटारीने माळशेज घाटावरच्या गावी जायचं, असा त्यांच्या पत्नी मंजुळावहिनींचा हट्ट. मुलगा आर्यन म्हणाला, "या खेपेला घाटात बंद पडली ना, तर सरळ भंगारात. मंजूर?" वहिनींनी मान हलवली आणि गाडी मिस्त्रींकडे आणली.

या जुन्या गाडीत हवेच्या नळीचं तोंड फिरवता येतं. पुढे केलं की बाहेरची गार हवा आत जाते, मागे केलं की सायलेन्सरच्या तापल्या पाइपाजवळची गरम हवा.

"आमचे हे थंडीत तोंड मागे करायचे," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, कल्याण-डोंबिवलीत थंडी असते कुठे? इथे बाराही महिने तोंड पुढेच. गार हवा दाट असते, गाडी बरी ओढते."

"काका, ते फिल्टरचं डबडंच काढा ना," आर्यन म्हणाला. "ओपन फिल्टर टाकू. भारी आवाज येतो. मी व्हिडिओ बघितलेला."

"मग कानाचा डॉक्टरपण सोबत घे," मिस्त्री म्हणाले, आणि तोंड पुढेच ठेवून त्यांनी स्क्रू आवळला. घाट मी चढवून देतो म्हणाले आणि निघायच्या दिवशी स्टिअरिंगवर बसले.

मुरबाड मागे पडलं तेव्हा कोवळं ऊन होतं. घाटात मात्र धुकं असं दाटलं होतं की रस्त्याची कड दिसेना. गाडी पावलापावलाने चढत होती. एका वळणावर इंजिनाला धाप लागली. दोनदा खाकरलं आणि थांबलं. मग ना गाडीचा आवाज, ना पाखराचा.

"झालं," आर्यन म्हणाला. "आई, बोललेलो मी."

मिस्त्रींनी चावी काढून खिशात टाकली, बॉनेट उघडलं. इंजिन तापलेलं, आणि त्याला चिकटून बसलेला, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर पांढराफटक, बर्फाने माखलेला. ओल्या गार हवेतलं बाष्प आत गोठून हवेची वाट अडली होती, हे त्यांना कळलं. सवयीने तळहात नळीच्या तोंडावर गेला.

बंद इंजिनाने हात ओढला.

हळू. मग सोडला. पुन्हा ओढला, मध्येच अडखळत, जिना चढून आलेला माणूस श्वास ओढतो तसा.

वहिनी उतरून जवळ आल्या. काही न विचारता त्यांनी मिस्त्रींचा हात बाजूला केला आणि स्वतःचा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"इथेच थांबायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, मला आणि गाडीला, दोघांनाही गार हवा बाधते."

आर्यनने हात पुढे केला, पण टेकवला नाही.

मिस्त्रींनी स्क्रू सोडवून तोंड मागे वळवलं. पांढरा थर थेंब थेंब गळून गेला. चावी फिरवताच इंजिन लागलं, मध्ये काही घडलंच नव्हतं असं.

घाटमाथा आल्यावर आर्यन म्हणाला, "आई, राहू दे गाडी. भंगाराचं मी आपलं बोललेलो."

"नको," वहिनी धुक्याकडे बघत म्हणाल्या. "वर्ष झालं. अजून किती ओढायचं त्यांनी."

पुण्यानुमोदन झालं, सगळे परतले. भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता, मिस्त्रींनी तो नको म्हटलं आणि गाडी स्वतः चालवत भंगारवाल्याकडे नेली. कल्याणच्या रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं. गरम हवेने इंजिन जड चाललं होतं, मागून रिक्षावाले शिव्या घालत होते. तोंड मात्र त्यांनी मागेच ठेवलं होतं.