ड्रिलवरचा चहा

मशीन दुरुस्तीला आलेल्या चाचांना चहा दिला की ते तो पीत नसत, ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेवत. काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास. मग मोटर चालू करायची आणि चष्मा कपाळावर चढवून चहाकडे बघत बसायचं. चहावर वलयं उठली तर दुखणं मशीनच्या पोटात. शांत राहिला तर चूक आपल्या हातांची. मापाची डायल लावून काटा किती हलतो ते बघणं वगैरे नंतर. सगळं तपासून झालं की तोच गार चहा एका दमात संपवायचे.

आमचं धायरीला छोटं वर्कशॉप. भोकं तिरकी पडायला लागली की कसबा पेठेतून चाचांची स्कूटर यायची. आल्या आल्या प्रश्न एकच, "काल काय बदललं?" सगळे एका सुरात सांगायचे, "काहीच नाही." एकदा आमच्या ह्यांनीही छातीठोक सांगितलं. चाचांनी जॉब धरायचा वाइस उचलला आणि त्याखालचा लोखंडाचा कीस फुंकरीने उडवला. "मालक, पाट डगमगतो, आणि नावं जेवणाऱ्याला ठेवता होय?" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी आत जाऊन मनसोक्त हसले.

मशीनबद्दल मात्र ते कधी खोटं बोलले नाहीत, समोरचा रडकुंडीला आला तरी. त्याचा राग यायचा, आणि बोलावणं पुन्हा त्यांनाच जायचं.

हे गेले, वर्कशॉप मुलाकडे आलं. त्याने नवी मशीनं घेतली, त्यांना कंपनीचा माणूस यायचा. ह्यांचं पहिलं ड्रिल पुन्हा बिघडलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, चाचा ओके म्हणाले तर ठेवू. नाहीतर स्क्रॅप." मला ते मशीन हवं होतं. चाचांनाही हवं असणार. टेम्पोतून उतरवून ते ह्यांनी आणि चाचांनीच तर बसवलं होतं. मी चहा केला आणि ग्लास मुद्दाम जरा कमी भरला.

चाचांनी ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनी, काठोकाठ."

मी भरला. मोटर सुरू झाली आणि चहा ग्लासाबाहेर सांडू लागला. मोटर चाचांनीच बंद केली. डायल लावली, काटा पाहिला, डायल परत पिशवीत टाकली.

"स्पिंडलचं घरच झिजलंय, आता भोक सरळ पडायचं नाही. ठेवा म्हटलं, तर मालकांना काय तोंड दाखवू?"

मग ग्लास ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. "साखर जास्त झालीय," म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली. त्यांना पुन्हा बोलवायला आता मशीनच उरणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

स्कूटर वळणापलीकडे गेल्यावर मी तो चहा पिऊन पाहिला. साखर नेहमीइतकीच होती.